वीडर चालू होत नाही? आधी प्लग काढून बघा

उसाची बाळभरणी तोंडावर आली की शेडमधला वीडर (तण काढायचं इंजिनाचं यंत्र) आठवतो. वरची ताडपत्री काढायची, कोंबडीनं सीटसारखी वापरलेली पेट्रोलची टाकी पुसायची आणि दोरी ओढायची. फुर्र. पुन्हा फुर्र. दहा वेळा ओढून झालं की खांदा बदलायचा, वीस वेळा झालं की शेजारच्या तात्यांना हाक मारायची. तात्या पण पंधरा वेळा ओढतात, "तुझं यंत्रच थकलंय रे" म्हणतात, आणि मग वीडर पिकअपमध्ये आडवा पडून तालुक्याला जातो.

माझा वीडर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. पहिली दोन वर्षं मी हेच केलं. एका हंगामात तर मेकॅनिकनं नवा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवला, पैसे घेतले, आणि आठव्या दिवशी फुर्र पुन्हा सुरू. त्याचा खरा आजार भलताच निघाला, तो पुढे सांगतो. तेव्हापासून मात्र एक ठरवलंय: दोरी ओढणं हा उपाय नाही. पाच-सहा वेळा ओढून चालू झालं नाही तर थांबायचं आणि प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, काढून बघायचा. इंजिनाला काय कमी पडतंय ते प्लग सांगतो.

हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या, दोरीच्या, फोर स्ट्रोक वीडरबद्दल आहे. आपल्याकडे यातल्या बऱ्याच यंत्रांवर होंडाचं जीएक्स १६० किंवा त्याच धर्तीवर बनलेलं चिनी इंजिन असतं. १६३ सीसी, एकच सिलिंडर, तोही थोडा तिरका झुकलेला. खालची मापं याच इंजिनाची आहेत. तुमचं इंजिन वेगळं असेल तर पद्धत तीच ठेवा, मापं त्याच्या पुस्तिकेतून घ्या. डिझेल वीडरला प्लगच नसतो, त्यामुळे त्याला यातलं फारसं काही लागू होत नाही.

आधी हे जमवा

प्लग पाना (२१ चा), दहाचा पाना, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पाती), कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, काचेची एक स्वच्छ बरणी आणि वायरचा वीतभर तुकडा. वायर कशाला ते पुढे कळेल. नवा प्लग आधीच आणून ठेवा. या इंजिनाला साधारणपणे बीपीआर ६ ईएस चालतो.

काम उघड्यावर, सावलीत करायचं. बंद शेडमध्ये इंजिन चालवून बघायचं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला गुपचूप झोपवतो. जवळपास विडी-सिगारेट नको, चूल नको. आणि पात्यांत अडकलेलं गवत किंवा ठिबकची नळी काढायची असेल तर आधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवायची, मग पात्याला हात लावायचा. इंजिन बंद आहे ही खात्री पुरेशी नाही.

काहीही न उघडता

हे वाचून हसू येईल, पण मी स्वतः अर्धा तास घाम गाळल्यावर लक्षात आलंय की स्विच बंदवर होता. तेव्हा क्रमानं बघा. स्विच चालूवर आहे का? पेट्रोलचा कॉक (तोटी) उघडा आहे का? इंजिन गार असेल तर चोक लावलाय का, म्हणजे हवा अडवणारी पट्टी मिटलीय का? ॲक्सिलरेटर थोडा उघडा आहे का?

मग ऑइल. या इंजिनांत बऱ्याचदा ऑइलचा सेन्सर असतो. ऑइल कमी झालं की तो करंटच तोडतो, मग दोरी तुटेपर्यंत ओढा, काही होणार नाही. वीडर सपाट जागेवर, इंजिन पातळीत येईल असा उभा करा. नाकावर टेकलेल्या वीडरचं ऑइल मोजलं तर चुकीचंच दिसतं. ऑइलचं झाकण काढलं की ऑइल भोकाच्या काठापर्यंत दिसायला हवं. एकूण ०.६ लिटरच्या आसपास लागतं, ग्रेड १०डब्ल्यू-३०. ऑइल दुधी दिसलं तर पाणी गेलंय. पातळ होऊन पेट्रोलचा वास मारत असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली उतरलंय. दोन्हीत ऑइल बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता दोन ठिकाणं, जी लोक बघतच नाहीत. सायलेन्सरचं तोंड बघा. कुंभारमाशीला ते भोक फार आवडतं. चार महिने उभ्या असलेल्या वीडरच्या सायलेन्सरमधून मी सुपारीएवढा मातीचा गोळा तारेनं कोरून काढलाय, आत तिनं आणून ठेवलेल्या अळ्यांसकट. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर इंजिन श्वास घेणार कसा? दुसरं ठिकाण म्हणजे एअर फिल्टर. आतला स्पंज उंदरांनी कुरतडलेला किंवा मातीनं थापलेला सापडतो. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून घट्ट पिळा आणि परत बसवा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, झटकायचा किंवा बदलायचा. फिल्टर काढून ठेवून वीडर चालवण्याची सवय काहींना असते. आपल्या मातीत असं केलं तर एका हंगामात पिस्टनच्या रिंगा गेल्याच म्हणून समजा.

शेवटी टाकीतलं पेट्रोल. जुनं असेल तर विचार न करता काढा. काचेच्या बरणीत थोडं घेऊन उजेडात धरा. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, शिळ्याचा वार्निशसारखा येतो आणि रंगही गडद होतो. बरणीच्या तळाशी वेगळा थर किंवा गोळ्या-गोळ्या दिसल्या तर ते पाणी. २०२३ पासून पंपांवर टप्प्याटप्प्यानं ई२० पेट्रोल आलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्धवट भरलेली टाकी उभी राहिली की पाणी धरतं आणि मग ते पाणी मिसळलेलं इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. कार्बोरेटर पितो तो तळाचाच भाग. जुन्या होंडा इंजिनांच्या पुस्तिकेत तर १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा लिहिलेली आहे, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडलेल्या किंवा तडकलेल्या दिसल्या तर बदलून टाका. ऊस आपलाच, इथेनॉल आपलंच, आणि कार्बोरेटर साफ करायची वेळही आपल्यावरच.

ताजं पेट्रोल घाला, चोक लावा. दोरी आधी हळू ओढा, जड लागली की तशीच परत जाऊ द्या आणि मग एका दमात जोरात ओढा. मूठ सोडून देऊ नका, हातानं परत न्या. पाच-सहा प्रयत्न. नाहीच झालं तर पुढचं.

प्लग ओला की कोरडा

टोपी ओढून काढा, प्लगभोवतीची माती फुंकून किंवा ब्रशनं साफ करा (नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते) आणि प्लग पान्यानं प्लग काढा. लगेच पुसू नका. टोकाकडे नीट बघा, वास घ्या.

प्लग कोरडा असेल, पेट्रोलचा वासही नसेल, तर पेट्रोल आत पोचतच नाही. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही: करंट नाही, किंवा पेट्रोल जास्त झालंय, किंवा दाब नाही. काळा, कोरडा, काजळी धरलेला असेल तर चोक अडकलाय किंवा फिल्टर तुंबलाय. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर चढलंय. वीडर गाडीत आडवा घालून आणला की हे हमखास होतं. आडव्या वीडरचं ऑइल कधी सिलिंडरमध्ये इतकं भरतं की दोरी हलतच नाही. अशा वेळी ताकद लावायची नाही. प्लग काढून, भोकावर फडकं धरून दोरी सावकाश ओढायची. ऑइल बाहेर उडेल, तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

हा एक मिनिटाचा निवाडा झाला की निम्मी धावपळ वाचते. माझ्या त्या नव्या कार्बोरेटरचे पैसे याच मिनिटाअभावी गेले: प्लग ओला होता, म्हणजे कार्बोरेटर आपलं काम करत होता.

कोरडा प्लग: पेट्रोलचा माग काढा

टाकीपासून खाली यायचं. नळी कार्बोरेटरकडून काढून बरणीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडायला हवी. थेंब थेंब येत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं बारीक भोक मातीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरत नाही. वीडर दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतो आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू होतो, ही तक्रार असेल तर पहिला संशय याच भोकावर घ्या. झाकण सैल करूनही धार येत नसेल तर टाकीतली जाळी किंवा कॉकखालची छोटी गाळ-वाटी तुंबलीय. ती वाटी दहाच्या पान्यानं निघते. आतली रबरी रिंग हरवू नका.

धार चांगली असेल तर कार्बोरेटर. हात घालण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग कुठल्या भोकात अडकलीय त्याचा. हा फोटो नसेल तर संध्याकाळी काय होतं ते मला विचारा.

नवख्यानं पूर्ण कार्बोरेटर सोडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाशी वाटी असते, ती मधल्या एका बोल्टवर धरलेली असते. खाली भांडं धरा, दहाच्या पान्यानं बोल्ट काढा, वाटी हळूच खाली घ्या. आत काय आहे ते बघा: तांबूस गाळ, पांढरी भुकटी, डिंकासारखा चिकट थर, पाण्याचे थेंब. वाटी ब्रश आणि स्प्रेनं लख्ख करा.

वाटी निघाल्यावर वर मधोमध एक खांब दिसतो. त्याच्या भोकात आत पितळेचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आहे. भोकात बरोबर बसणारा चपटा स्क्रू ड्रायव्हर लावून तो काढा. लहान तोंडाचा लावला तर पितळ मऊ असल्यानं खाच झिजते आणि मग जेट निघतच नाही. जेट निघाला की त्याच्यामागची भोकाभोकांची नळीही खाली घसरते, तीही घ्या. आता जेट आभाळाकडे धरून एका डोळ्यानं आरपार बघा. मधोमध स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. अंधार किंवा चंद्रकोर दिसली तर चोर सापडला.

आता तो वायरचा तुकडा. सोलून त्यातली तांब्याची एकच तार घ्या आणि जेटमधून हळू ये-जा करा. सुई किंवा पोलादी तार घालायची नाही. ती भोक मोठं करते, आणि एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही. मग वाळलेला चोथा उरणार नाही इतका स्प्रे जेटमधून आणि वरच्या सगळ्या वाटांमधून मारा. डोळ्यांवर चष्मा हवा. हा स्प्रे एका भोकात मारला की भलत्याच भोकातून डोळ्यात येतो.

इंजिन चोकवर चालू होतं आणि चोक काढला की मरतं, किंवा हळू गतीवर टिकतच नाही, अशी तक्रार असेल तर दुसरा, बारीक पायलट जेटही बघा. तो वरच्या अंगाला, ॲक्सिलरेटरच्या स्टॉप स्क्रूजवळ प्लास्टिकच्या डोक्याचा असतो. स्क्रू काढून डोकं हलकेच उचकटलं की निघतो. त्याचं भोक इतकं बारीक की तांब्याची तारही जेमतेम जाते.

फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) खालीवर मोकळा हलतो का, त्याच्याबरोबर हलणारी सुई टोकाला झिजली नाही ना, हे बघून वाटी परत बसवा. वाटीची रबरी रिंग पेट्रोल आणि स्प्रेनं फुगते आणि खाचेत मावेनाशी होते. ओढाताण न करता ती तासभर हवेत ठेवा, आपोआप आकसते. बोल्ट हातानं बसवून मग पान्यानं बेतानं आवळा, वाटीचा पत्रा पातळ असतो. कॉक उघडून पाच मिनिटं गळती बघा.

एवढं करूनही इंजिन एकसारखं वर-खाली घुमत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या पॅकिंगमधून हवा खेचली जात असेल. ते दोन नट आधी तपासा. पॅकिंग फाटलं असेल तर बदला, शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्याचं चार दिवसही टिकत नाही.

ओला प्लग: करंट बघा

प्लग कापडानं पुसा, ब्रशनं साफ करा, वाळवा. गॅप ०.७ ते ०.८ मिमी हवा. फिलर गेज नसेल तर नवा प्लगच लावून बघा. शंकेचा प्लग घासत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

करंट बघायची रीत: प्लग टोपीत घाला आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला टेकवा. पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. भोकावर फडकं ठेवा, सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. टोपी हातात न धरता रबरी मुठीच्या पकडीनं धरा. स्विच चालू करून दुसऱ्यानं दोरी ओढायची. सावलीत निळसर, कडक, चट् आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट ठीक. पिवळी, मलूल किंवा काहीच नाही, तर नव्या प्लगवर पुन्हा बघा. टोपी वायरवर आट्यांनी बसलेली असते, ती सैल झाली असेल तर फिरवून घट्ट करा.

तरीही करंट नाही? कॉइल (करंट तयार करणारा भाग) घ्यायला धावू नका. स्विचकडे जाणारी वायर आणि ऑइल सेन्सरची (बहुधा पिवळी) वायर एकेक करून सोडवा आणि प्रत्येक वेळी ठिणगी बघा. सेन्सरची वायर काढल्यावर करंट आला तर ऑइल कमी आहे किंवा सेन्सर बिघडलाय. स्विचची वायर काढल्यावर आला तर स्विच किंवा कुठंतरी सोललेली वायर दोषी. स्विचची वायर सोडलेली असताना इंजिन चालू झालं तर ते स्विचनं बंद होणार नाही. पेट्रोलचा कॉक बंद करूनच थांबवावं लागेल, हे आधीच ध्यानात असू द्या. चाचणी झाली की वायरी परत जोडा.

दोन्ही वायरी सोडवूनही अंधार असेल तरच कॉइल. कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) यांच्यामधला गॅप ०.४ मिमीच्या आसपास असतो. फ्लायव्हीलच्या चुंबकाला गंज चढला असेल तर पॉलिशपेपरनं घासा. गार असताना चालतं, तापल्यावर बंद पडतं आणि गार झाल्याशिवाय चालूच होत नाही, हेही कॉइलचं लक्षण असू शकतं. तशी तक्रार असेल तर करंट गरम इंजिनावरच तपासायचा.

ठिणगी कडक आहे आणि प्लग फक्त पेट्रोलनं भिजलाय? मग इंजिन ओव्हरफ्लो झालंय. कॉक बंद, चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, प्लग काढलेला, आणि प्लगची टोपी भोकापासून दूर, स्विच बंद. दहा वेळा दोरी ओढून पेट्रोल बाहेर काढा, दहा मिनिटं वाळू द्या, कोरडा प्लग लावा आणि चोक न लावता चालू करा. प्लग हातानंच आट्यांवर बसवायचा. नवा असेल तर टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्यापेक्षा कमी. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकडा घातलेला प्लग आटे घेऊनच बाहेर येतो.

दोरी हलकी लागते

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी फुर्र. माझ्या वीडरचं हेच होतं. दोरी सावकाश ओढून बघा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत एकदा ती हाताला अडली पाहिजे. या इंजिनांत ओढणं सोपं व्हावं म्हणून थोडा दाब आपोआप सोडणारी सोय असते, त्यामुळे प्रेशर गेजचा आकडा बघून घाबरू नका, हाताला कळतं तेच खरं. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी जात असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोन-तीनदा ओढा आणि पुन्हा अंदाज घ्या. आता जड लागली तर रिंगा झिजल्यात. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा).

आमच्या गावातला एक जुना फिटर आला, त्यानं दोरी एकदाच ओढली आणि म्हणाला, "बापू, टॅपेट कधी बघितलेत?" कधीच नाही. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप. व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते तसा गॅप कमी होतो, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि दाब गळतो. वरचं झाकण चार बोल्टचं, दहाच्या पान्याचं. इंजिन पूर्ण गार हवं. दोरी हळू ओढत पिस्टन वर आणायचा, दोन्ही रॉकर सैल असतील त्या जागी थांबायचं. रॉकर हलत नसतील तर अजून एक फेरी. गॅप इनटेकला ०.१५ मिमी आणि सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हला ०.२० मिमी. फिलरची पात किंचित अडखळत सरकली पाहिजे. माझ्या सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हमध्ये ०.०५ ची पातही शिरेना. लॉकनट सैल करून गॅप लावला, झाकण बसवलं, आणि वीडर दुसऱ्या ओढीला चालू झाला. फिटरनं चहाशिवाय काही घेतलं नाही.

गॅप लावूनही दाब येत नसेल, दोरी हिसका मारून हात ओढून नेत असेल (फ्लायव्हीलची चावी सरकल्यावर असं होतं) किंवा आतून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र घरी खोलत बसू नका, कारागिराकडे न्या. जाताना प्लगवर काय दिसलं, करंट कसा होता, ते सांगा. तो उगाच कार्बोरेटर बदलणार नाही.

हंगाम संपला की

टाकी रिकामी करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतलं पेट्रोल संपतं. उरलंसुरलं वाटीच्या ड्रेन स्क्रूनं काढा. गरम असतानाच ऑइल बदला. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून चमचाभर ऑइल आत घाला, दोरी दोन वेळा ओढा, प्लग बसवा. मग दोरी सावकाश ओढत न्या आणि जड लागली की तिथंच सोडा. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आत ओल शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबा आणि त्याचं एक लांब लाल टोक बाहेर लोंबू द्या, नाहीतर पुढच्या हंगामात तुम्हीच तो विसराल.